घसरणारा पट्टा

६ सप्टेंबर

प्रिय दादा,

इतके दिवस पत्र नाही, याबद्दल आधी माफी. वहिनी गेल्या तेव्हा मी चार ओळी पाठवल्या आणि नंतर गप्प बसले. काय लिहावं ते सुचत नव्हतं हे खरं. पण सुचत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, की लिहावं लागू नये म्हणून सुचू दिलं नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही ही सबब तेवढी सोयीची होती. आणि आता लिहितेय तीही कामासाठी. हस तू.

काम असं. बंदराची बचाव-बोट सध्या माझ्या वर्कशॉपकडे देखभालीला आहे. समुद्रात कुणी अडकलं की हीच बोट नदीच्या मुखातून बाहेर पडते. तिच्या इंजिनाच्या डोक्यावर ब्लोअर आहे, हवा दाबून इंजिनात कोंबणारा. इंजिन त्याला पट्ट्याने फिरवतं. पट्टा गेला तर इंजिन बंद पडत नाही, पण निम्मा जोर जातो. मोकळ्या पाण्यात तेवढ्यावर निभावेल. मुखाशी, जिथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि दोन्ही अंगांना दगडी बांध आहे, तिथे नाही निभावणार.

या वर्षात दोन पट्टे नेमके तिथेच गेले. पट्टा दातेरी आहे. दोन्ही वेळा दात मुळापासून सोलून निघाले. दुसऱ्या वेळी बोट बांधापासून दोन हातांवर आली होती. चालकाने कशीबशी वळवली.

बंदराच्या साहेबांचं म्हणणं, पट्टा कमी पडतोय, याहून रुंद दातेरी लावा. रुंद पट्टा आणि त्याच्या पुल्या त्यांनी मागवूनही ठेवल्यात. माझं म्हणणं, दातेरी नकोच. लांबीला खाचा असलेला सपाट पट्टा लावू, मोटारीत असतो तसा. झटका बसला की तो जरा घसरतो आणि वाचतो. यावर साहेब म्हणाले, "मॅडम, जीव वाचवायच्या बोटीला घसरणारा पट्टा? हे बाहेर कुणाला सांगू नका, हसतील."

मी म्हटलं, हसू देत, पण रुंद दातेरीवर मी सही करणार नाही. आणि माझ्या सहीशिवाय बोट निघत नाही.

आता मला आधार हवाय. तू पट्ट्यांच्या कारखान्यात चाचणीच्या शेडमध्ये जन्म काढलास, कानही तिथेच ठेवून आलास. तुटलेला पट्टा पार्सलने पाठवतेय. नीट बघ, आणि दातेरी का नको ते तुझ्या शब्दांत लिहून दे.

तुझी
भिंगरी


१४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पार्सल मिळालं. आणून देणारा काहीतरी बोलला, मी सवयीने "हो हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं देव जाणे, पण तेव्हापासून घरात एक अनोळखी छत्री आहे.

माफी राहू दे. तुझ्या वहिनीला तुझ्या त्या चार ओळी आवडल्या असत्या. तिला लांब पत्रं वाचायचा कंटाळा होता.

पट्टा खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिला. प्रत्येक दाताला दोन अंगं असतात. एका अंगाने ओढ बसते, दुसरं नुसतं मागे टेकलेलं असतं. दात कोणत्या अंगाने सोलला हे कळलं की का सोलला हे कळतं. त्यासाठी पट्टा कोणत्या दिशेने फिरत होता ते ठाऊक हवं. तू बाण काढलेला नाहीस. कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं. पण काकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, वर्कशॉपचा नियम मला पाठ आहे, पट्ट्यावर छापलेली अक्षरं बसवणाऱ्याला सरळ वाचता आली पाहिजेत. तेव्हा पुलीच्या समोर उभा आहे असं धरून मी अक्षरं सरळ धरली. समोरून पाहता इंजिन घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, म्हणजे पट्ट्याची दिशा कळली.

दात ओढणाऱ्या अंगानेच गेलेत. यात गूढ काही नाही. भार जास्त, पट्टा कमी. तुझे साहेब बरोबर आहेत. रुंद लाव.

तुला माझ्याकडून उत्तर नको होतं, शिक्का हवा होता. तो मिळणार नाही.

आणि हा चालक कोण? बोट बांधापासून "दोन हातांवर" होती हे तुला जेट्टीवरून दिसलेलं नाही. कुणीतरी घरी येऊन सांगितलंय.

दादा


२३ सप्टेंबर

दादा,

("प्रिय" पुढच्या पत्रात, जमलं तर.)

चालक माझी नणंद आहे. माझ्या लग्नात तुझी मोटरसायकल न विचारता फिरवून आणली होती, तीच. आता अख्खं बंदर तिला कप्तान म्हणतं. मी लपवलं, कारण तू म्हणाला असतास, घरचं माणूस बोटीवर आहे म्हणून ही घाबरलीय. तसं तू म्हणाला असतास तर ते खोटं नसतं.

तुझा निकाल तिला जेवताना सांगितला.

"म्हणजे तुझ्या दादानेच तुला तोंडघशी पाडलं," ती म्हणाली.

"पाडलं."

"मग लाव की रुंद. मी कशावरही जाते. तुझ्या हातचं जेवतेय ना इतकी वर्षं?"

माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, ताटातून डोकं वर न काढता म्हणाला, "या घरात एक जेवण पट्ट्याशिवाय झालं तर सगळी भांडी मी घासेन."

"भांडी तू आजही घासणार आहेस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने रुंद पट्टा चढवायला गेले. खरंच गेले. तू म्हणतोस ते मी मानलं होतं. या बोटीत इंजिनाची पुली पुढच्या आडव्या भिंतीला जवळजवळ टेकलेली आहे. तिच्यासमोर उभं राहायला वीतभरही जागा नाही. इंजिनावर पालथं पडायचं, मागून हात घालायचा आणि चाचपडत पट्टा बसवायचा. तशी पडले असताना सवयीप्रमाणे मी पट्टा फिरवून अक्षरं सरळ करून घेतली. मला सरळ. मागून बघणारीला. पुलीच्या समोर कुणी असता तर त्याला ती उलटी दिसली असती.

बाबांचा नियम मीही पाळला आणि तूही पाळलास. फक्त तू इंजिनाच्या एका बाजूला उभा होतास आणि मी दुसऱ्या. तेव्हा तू धरलास त्याच्या उलट दिशेने पट्टा फिरत होता. सोललं ते ओढणारं अंग नव्हे, मागचं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला हवं तेच उत्तर निघालं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसेना. खाली उतरले, पुन्हा पालथी पडले, पुन्हा वाचलं. तेच. मग रुंद पट्टा उतरवून खोक्यात घातला आणि तडक साहेबांकडे गेले.

"मॅडम, हा शुद्ध हट्ट आहे."

"आहेच. पण चुकीचा आहे का, ते सांगा."

"बोट जेट्टीला बांधून ठेवून तुम्ही काय मिळवताय?"

मी तशीच निघून आले. तू सांग, मागच्या अंगाने दात जातात कसे? आणि आणखी एक, तुलाच विचारू शकते असं. मी जे धरून बसलेय ते खरं आहे म्हणून, की साहेब ज्या सुरात "मॅडम" म्हणतात त्या सुरासाठी?

भिंगरी


१ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

घे, हरलो. इतके पट्टे पाहिले आणि "तू कुठे होतीस?" एवढा साधा प्रश्न विचारला नाही. पट्टा पुन्हा हातात घेतला, तू सांगितलंस तसा धरला, आणि खुर्चीत बसलो.

आता ऐक. लाटेवरून बोट उडते तेव्हा प्रॉपेलर पाण्याबाहेर येतो. इंजिन मोकाट सुटतं, त्याच्यासोबत ब्लोअरही. मग प्रॉपेलर धाडकन पाण्यात शिरतो आणि इंजिन जागच्या जागी दबतं. पण ब्लोअरचे रोटर, आतले जड फिरते भाग, इतक्या वेगात असतात की ते थांबायला तयार नसतात. त्या क्षणी इंजिन ब्लोअरला फिरवत नसतं, ब्लोअरच इंजिनाला ओढत असतो. पट्ट्याची ढिली बाजू घट्ट होते, घट्ट ती ढिली, आणि दात मागच्या अंगाने सोलले जातात. आमच्या शेडमध्ये सगळं होतं, समुद्र नव्हता. म्हणून मला हे सुचलं नाही.

रुंद दातेरी लावलास तर दात टिकतीलही. मग तोच झटका पट्टा सोडून इंजिनाच्या शाफ्टच्या टोकावर, जिथे पुली बसते तिथे, जाईल. ते टोक तुटलं की निम्मा जोर वगैरे काही उरत नाही, सगळंच थांबतं. पट्टा बदलता येतो. शाफ्ट लाटांत बदलत नाहीत.

तेव्हा खाचांचाच. पण तो असा निवडायचा की रोजच्या ओढीला घसरणार नाही आणि झटक्याला घसरेल. आठ खाचांचा घेशील तर रोज घसरून जळेल. बाराचा घेशील तर तोही दातेरीसारखा अडून बसेल. माझ्या हिशेबाने दहा. पुलीला जास्त वेढा बसावा म्हणून पट्टा ताणणारा रोलर पुलीजवळ आण. इंजिन गार असताना ताण बेताचाच ठेव, तापलं की इंजिन फुगतं आणि पट्टा आपोआप कसला जातो. घसरताना किंचाळेल. किंचाळू दे. पुल्यांचं रेखाटन सोबत आहे, लेथवर कातून घे.

पण हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे, आणि हे डोकं आत्ताच एकदा चुकलंय. लाटांत तपासल्याशिवाय सही करू नकोस. तपासायला कप्तानला पाठव. तू बोटीवर चढायचं नाहीस. पाठीचं ऑपरेशन झालंय तुझं. तिला काय ऐकू आलं ते तिच्याकडून लिहून घे.

साहेबांचा प्रश्न मात्र टाळू नकोस. जेट्टीला बांधलेली बोट कुणालाच वाचवत नाही. हट्ट धरायचा तर हात चालवत धर.

सुराचं म्हणशील, तर त्यांचा सूर वाईट म्हणून ते चूक ठरत नाहीत, आणि तू बरोबरही ठरत नाहीस. पट्ट्याला सूर कळत नाही.

दादा

ता. क. छत्री शेजारच्या बाईंची निघाली. त्या आठवडाभर माझ्याकडे चोर म्हणून बघत होत्या.


१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

पुल्या कातून आल्या. आधी जुन्या मापाचाच एक नवा दातेरी पट्टा लावला, त्यावर रंगाने बाण काढला, आणि बोट मुखाशी लाटांत जाऊन आली. पट्टा तुटला नाही, पण दातांच्या मुळाशी मागच्या अंगाला केसासारख्या चिरा पडल्यात. पुढचं अंग कोरं. तेव्हा आपण दोघं बरोबर आहोत. हे वाक्य लिहिताना किती बरं वाटतंय, त्याची मला थोडी लाज वाटते.

मग दहा खाचांचा. तू आवाज लिहून घे म्हणाला होतास, तर असा. प्रॉपेलर बाहेर आला की इंजिनाचा सूर चढतो. मग क्षणभर सगळंच हलकं होतं, पोटातसुद्धा. आणि बोट पाण्यावर आपटायच्या अगदी आधी, नंतर नव्हे, पट्टा एक आखूड शीळ घालतो. आपटल्याचा दणका टाचांतून वर येतो तोवर शीळ संपलेली असते. जोर जराही जात नाही. पूर्ण वेगात मात्र बोट दातेरीपेक्षा थोडी कमी धावते, ते मी साहेबांपासून लपवलं नाही.

साहेब जेट्टीवर आले होते. बोट परत येताना त्यांनी शीळ ऐकली.

"हा आवाज कसला?"

"पट्टा घसरतोय."

"म्हणजे दोष आहे."

"म्हणजे काम करतोय."

"इतर बंदरांच्या बोटी अशा ओरडत नाहीत, मॅडम."

नणंद बोटीवरूनच म्हणाली, "साहेब, बांधाच्या इतक्या जवळ गेलात की तुम्हीपण ओरडाल."

ते हसले नाहीत. तसे ते वाईट गृहस्थ नाहीत. बोट कंपनीने दिली तशी ठेवायची, ही त्यांची शिस्त आहे, आणि त्या शिस्तीने आजवर बऱ्याच गोष्टी शाबूत राहिल्यात. त्यांनी लेखी दिलं, रुंद दातेरी लावा, तोवर मंजुरी नाही. मी त्याच कागदाखाली लिहिलं, "दातेरी पट्ट्यावर ही बोट समुद्रात जाण्यास योग्य नाही. खाचांच्या पट्ट्यावर योग्य आहे." सही केली, पेन टेबलावर ठेवलं, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की पेन माझं होतं. परत गेले नाही.

पट्टा मी उतरवलेला नाही. बोट मंजुरीविना, पण तयार उभी आहे.

भिंगरी


२२ ऑक्टोबर

भिंगरे,

मी बहिरा आहे, आंधळा नाही. पोट हलकं होतं, टाचांतून दणका येतो, शीळ आधी की नंतर, हे कप्तान तुला सांगणार? तिचं लक्ष लाटेवर असतं, पट्ट्यावर नाही. तू बोटीवर होतीस. दोन्ही वेळा. इंजिनाच्या झाकणाशेजारी बसून होतीस, पाठीच्या त्या मणक्यासकट.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी ते फेकलं. मग उचलून ती शिळेची ओळ पुन्हा वाचली. कान गेल्यापासून मला काहीच इतकं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं.

साहेबांना माझं नाव सांग. पट्टा मी निवडला असं लिही. विचारायचं तर मला विचारू दे. मी प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणेन.

पुन्हा चढलीस तर काकूंना कळवीन. त्यांच्यापुढे तुझी सही चालत नाही.

दादा


५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं नाव सांगणार नाही. पट्टा तू निवडलास, पण कुणाला त्याच्यावर पाठवायचं हे मी ठरवलं. ते माझ्याच नावावर राहू दे.

परवा दुपारी वारा उठला. मासेमारीची एक बोट मुखाबाहेर इंजिन बंद पडून बांधाकडे वाहत येत होती, पाच माणसं. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, तुमच्या बोटीला मंजुरी नाही, सोडू नका, शेजारच्या बंदरातून मागवतोय. शेजारची बोट यायला त्या वाऱ्यात दोन तास तरी लागले असते. वाहत येणाऱ्यांकडे इतका वेळ नव्हता. ते जेट्टीवरूनच दिसत होतं.

नणंद जॅकेटचे पट्टे आवळत होती.

"वहिनी, त्या कागदावर तुझी सही आहे ना?"

"आहे."

"मग झालं. बाकीच्यांचं अक्षर मला लागत नाही."

मी चढायला निघाले, तर तिने मला जेट्टीवर ढकललं. अक्षरशः ढकललं. "तुला तुझ्या दादाने काय लिहिलंय ते मी वाचलंय," म्हणाली. तेव्हा या वेळी मी खरोखरच खाली उभी होते. जवळ असण्यापेक्षा ते कितीतरी वाईट आहे. बोट मुखात शिरली, लाटेमागे गेली, आणि मग डोळ्यांचा काही उपयोग उरला नाही. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. वाऱ्यातून शीळ येत होती. प्रत्येक लाटेला एक. शीळ आली की मी श्वास घ्यायचे. एकदा ती इतकी लांबली, की नवऱ्याने माझं मनगट धरलं ते अजून दुखतंय. मग तुटली, आणि पुढची आली.

पाचही जणांना घेऊन नणंद परतली. जेट्टीवर पाय ठेवताच म्हणाली, "तुझा पट्टा फार बोलतो. तुझ्यासारखाच." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ तशीच उभी राहिली, तिला कधी कुणी तसं पाहिलेलं नाही.

पट्टा उतरवून पाहिला. खाचा चकाकतायत, एक कडेने उसवलीय. आणखी तासभर टिकला असता का? माहीत नाही. टिकला म्हणून मी बरोबर ठरले का, हेही माहीत नाही. तुटला असता तरी हीच मी, हीच सही, आणि याच विचाराने पाठवलं असतं. हे लिहून ठेवते, कारण लोक येऊन पाठ थोपटतायत आणि मला ते गोड लागतंय.

आज साहेबांनी बोलावलं. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. "लोक वाचले, मला आनंद आहे, मॅडम. मनापासून सांगतो. पण उद्या प्रत्येक वर्कशॉप आपल्या मनाचा पट्टा लावू लागलं तर मी काय करू?" प्रश्न खोटा नाही. मी म्हटलं, प्रत्येक वर्कशॉपने आपला तुटलेला पट्टा तुमच्या टेबलावर आणून ठेवावा आणि तुम्ही तो बघावा. ते म्हणाले, पद्धत ती पद्धत.

तर निकाल असा. आपली बोट राखीव म्हणून कडेला. तिच्या जागी शेजारच्या बंदराची बोट काल येऊन लागलीय. तसंच इंजिन, तसाच ब्लोअर, आणि आत नवाकोरा रुंद दातेरी पट्टा. परवापासून नणंद तिच्यावर जाणार. मला लेखी आदेश आहे, तेल बदला, पाणी बघा, पट्ट्याच्या झाकणाला हात लावू नका. हात लावल्यास देखभालीचं काम माझ्याकडून काढलं जाईल.

मी तिथेच टेबलाशी बसून उत्तर लिहिलं, पट्टा मी बदलणार. चोरून काही करणार नाही, म्हणून वेळही कळवलीय, उद्या सकाळी नऊ. राखीव बोटीच्या पुल्या या इंजिनाला जशाच्या तशा बसतात. त्यांनी यावं, शेजारी उभं राहावं, हवं तर माझा हात धरावा. काम काढून घ्यायचं असेल तर पट्टा बदलून झाल्यावर घ्यावं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "हे पेन तुमचंच ना? त्या दिवशी राहिलं होतं." मी पेन घेतलं आणि निघाले.

काम गेलं तर घरात काय होईल, याचा विचार केला. नवऱ्याला विचारलंही. तो म्हणाला, "नऊ वाजता ना? मग डबा लवकर लागेल." एवढंच. आईला तू काही कळवू नकोस. मी कळवीन.

तुझी
भिंगरी

उद्या: नव्या बोटीचं झाकण उघडून दातेरी पट्टा उतरवणे.